पाणी जातंय कुठं? जुन्या पिकअपवाल्यांच्या पाच चिठ्ठ्या

आंब्याचा सीझन संपत आला की दरवर्षी हेच होतं, चिठ्ठ्या आणि व्हॉट्सॲप मिळून जे काही येतं त्यातलं निम्मं "काका, गाडी तापतेय" असंच असतं. यावेळी पाच निवडल्यात. गाड्यांची नावं मी मुद्दाम काढून टाकलीत, कारण पंधरा-सोळा वर्षं घाटात माल ओढलेल्या कुठल्याही पिकअपला हे दुखणं लागणारच, त्यात कंपनीला शिव्या घालून काही मिळत नाही.

प्रश्न: नमस्कार काका. माझी 2009 ची डिझेल पिकअप आहे, रनिंग 2 लाख 80 हजारच्या वर. देवरुखहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या टाकतो. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो की काटा वर सरकायला लागतो, वर पोचून चहाला थांबतो, गाडी थंड झाल्यावर बघावं तर पाणी लिटर-सव्वा लिटर कमी. पण गाडीखाली एक थेंब नाही. रात्रभर पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी कोरडा ठाक. एका मिस्त्रीने रेडिएटर बदलायला लावला, बदलला, फरक शून्य. दुसऱ्याने थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणारा वॉल्व्ह) काढून फेकला. आता तिसरा म्हणतोय हेड पॅकिंग (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं) गेलंय, हेड उतरवायचं, 40 हजार धरून चला. काय करू? — एक वाचक, देवरुख

उत्तर: दादा, आधी त्या तिसऱ्याला सांगा पाना खाली ठेव. पाणी कमी होतंय म्हणजे ते कुठूनतरी जातंय, आणि जायचे रस्ते तीनच: एक तर बाहेर, नाहीतर ऑइलमध्ये, नाहीतर सिलिंडरमध्ये शिरून सायलेन्सरमधून वाफ होऊन. तुमच्या तिन्ही मिस्त्र्यांपैकी एकानेही कुठल्या रस्त्याने जातंय ते बघितलं नाही, तिघांनी तीन पार्ट सांगितले.

पुठ्ठा कोरडा म्हणजे गळती नाही असं सगळ्यांना वाटतं, आणि इथंच माणूस फसतो. इंजिन गरम असताना आत साधारण 1 बार प्रेशर असतं, रेडिएटरच्या झाकणावर 0.9 नाहीतर 1.1 असा आकडा छापलेला असतो तो हाच. गाडी थंड झाली की प्रेशर जातं, मग बारीक भेग किंवा ढिलं सील आपोआप मिटतं आणि रात्री थेंब पडत नाही. आणि घाटात जे गळतं ते तापलेल्या ब्लॉकवर पडून जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच उडून जातं, वर फॅनचा वारा आहेच. पाणी उडतं, पण त्यातला कूलंट आणि क्षार मागे राहतात, वाळलेली खरखरीत साय बसल्यासारखी, हिरवट किंवा पांढरी. तीच शोधायची.

या दादांना मी फोनच केला, म्हटलं सकाळी गाडी चालू न करता पहिलं झाकण उघडा आणि कान देऊन ऐका, फुस्स होतंय का. नाही म्हणाले, उलट किंचित आत ओढल्यासारखं झालं. चांगलं झालं. रात्रभर थंड झालेल्या गाडीत प्रेशर उरायलाच नको, उरलं तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय असं धरायचं. मग झाकण उघडं ठेवून, पाणी काठोकाठ भरून गाडी चालू करा म्हटलं, बुडबुडे येतात का बघा. सुरुवातीला दोन-चार आले, मग पाणी शांत. ऑइलची पट्टी काढली, ऑइल काळंच, दुधाळ नाही. तोवर माझं मन हेडवरून उठलं होतं. मग त्यांना मोबाईलची बॅटरी लावून वॉटर बॉडीच्या, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या अंगाला बघायला सांगितलं. पुलीच्या मागे वॉटर बॉडीच्या पोटाला एक छोटं भोक असतं, पेन्सिल जाईल एवढं, ते कंपनीनेच मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं म्हणून. दादांनी फोटो पाठवला. भोकापासून खाली ब्लॉकवर हिरवट पांढरा ओघळ, सुकलेला, वीतभर लांब. वर डिझेल आणि धुळीचा काळा थर, त्यात तो ओघळ एवढा स्वच्छ दिसत होता की तीन मिस्त्र्यांना दिसला कसा नाही याचंच आश्चर्य वाटलं.

वॉटर बॉडी बदलली, सोबत बेल्ट आणि वरखालचे दोन्ही होज नवीन, सगळं मिळून पाच हजाराच्या आत. त्यानंतर दोन खेपा झाल्यात, पाणी जागेवर आहे.

तुम्हाला असा ओघळ दिसला नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर पंप मागा. हातपंप असतो, रेडिएटरच्या तोंडाला बसतो, झाकणावर जेवढा आकडा तेवढीच हवा भरायची, जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. काटा उतरला आणि बाहेर कुठंच ओलं नाही, तर पाणी आत जातंय. ज्याच्याकडे हा पंप नाही त्याने हेड खोलायची भाषा करू नये असं माझं मत आहे, रागावा हवं तर. संशयाची जागा पुसून कोरडी करून त्यावर घरातली टाल्कम पावडर मारली तरी चालते, ओल आली की लगेच रेघ दिसते.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवा. आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी त्याचा जातो. काही इंजिनांत तो उघडला की बायपासचा रस्ता बंद करतो, तो काढून टाकला की बायपास कायम उघडा, मग गरम पाण्यातलं बरंचसं रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथे फिरत राहतं आणि घाटात गाडी आणखी तापते. बाकी इंजिनांत उलटं, सपाटीला इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं. खराब आहे का ते बघायचं तर जुन्या पातेल्यात (चहाच्या नको, घरात भांडण होईल) पाण्यात लटकवून तापवा, अंगावर 82 किंवा जो आकडा कोरलेला असेल त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे.

आणि दुसऱ्यांना नावं ठेवतोय तर माझंही सांगतो. गॅरेज नवीन होतं तेव्हा एका दूधवाल्याच्या टेम्पोचं हेड मी असंच उतरवलं होतं, घासून सपाट करायला लेव्हलला दिलं, नवीन पॅकिंग टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी गाडी परत तापून दारात. दोष निघाला रेडिएटरच्या झाकणाचा, रबर वाळून कडक झालेलं, प्रेशर धरतच नव्हतं. साधं पाणी 100 डिग्रीला उकळतं, 1 बार प्रेशरखाली 120 च्या आसपास, म्हणजे ते एवढंसं झाकण वीस डिग्रीचा फरक पाडतं. मजुरी घेतली नाही, पण दूधवाला परत आला नाही.

प्रश्न: काका माझी पण पिकअप, 2012 ची. निफाडहून कांदा भरतो. सकाळी पहिल्या स्टार्टला अर्धा मिनिट इंजिन थरथरतं, एक सिलिंडर मारत नसल्यासारखं, आणि पांढरा धूर. मग नीट चालतं. दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होतो, इंजिन अजून कोमटच असतं. पाणी रिझर्व्हच्या बाटलीत फेकतं आणि बाटली भरून वाहते. मिस्त्री म्हणतो ऑइल पांढरं नाही म्हणजे हेड पॅकिंग ठीक आहे. — एक वाचक, निफाड

उत्तर: भाऊ, तुमचं मात्र पॅकिंगचंच वाटतंय. मिस्त्री जे म्हणतोय ते अर्धं खरं आहे. पॅकिंगमध्ये सिलिंडरच्या भोवती एक कडं असतं, पाण्याची भोकं वेगळी, ऑइलची वेगळी, आणि ते कुठं फाटलंय त्यावर सगळं ठरतं. सिलिंडर आणि पाणी यांच्यामध्ये फाटलं तर ऑइल शेवटपर्यंत स्वच्छ राहील आणि गाडी तरी मरेल. चालू असताना सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतो म्हणून होज कडक आणि बाटली भरलेली, आणि रात्री उभी असताना उरलेल्या प्रेशरने पाणी उलटं सिलिंडरमध्ये झिरपतं म्हणून सकाळची थरथर आणि धूर.

खात्री करायची तर थंड इंजिनाचा फॅन बेल्ट काढा, म्हणजे वॉटर बॉडी पाणी ढवळणार नाही, रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडं ठेवून चालू करा. पाण्यात सलग बुडबुडे आले, सोडावॉटरसारखे, तर विषय संपला. बेल्टशिवाय मिनिटभराच्या वर चालवू नका. काही गॅरेजमध्ये निळं लिक्विड असतं, रेडिएटरच्या तोंडातली हवा त्यातून ओढतात, जळलेला गॅस असेल तर रंग बदलतो, डिझेलला हिरवट होतो, पेट्रोलला पिवळा. एक जुनी सवय मात्र सोडा, इंजेक्टरचा नट ढिला करून एकेक सिलिंडर बंद करून बघायची. जुन्या पंपाच्या गाडीला ठीक होतं, कॉमन रेलला (एकाच सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी नवी पद्धत) आत 1000 बारच्या वर प्रेशर असतं, ते डिझेल कातडीतून आत घुसतं, बोट कापावं लागतं.

हेड खोलायच्या आधी अजून एकच गोष्ट बघा. तुमच्या गाडीला ईजीआर कूलर (जळलेला गॅस परत इंजिनात सोडायच्या आधी पाण्याने थंड करणारा) असेल तर तोही आतून फुटू शकतो, तेव्हाही पांढरा धूर, पाणी कमी आणि ऑइल स्वच्छ, म्हणजे सोंग अगदी पॅकिंगचं. त्याचे पाण्याचे दोन पाइप काढून एकमेकांना जोडा, म्हणजे कूलर बाजूला पडला, आणि दोन दिवस बघा. धूर आणि पाणी दोन्ही थांबलं तर तुमचे बरेच पैसे वाचले. तुमच्या केसमध्ये बाटली एवढ्या लवकर भरते त्यावरून मला आशा कमी वाटते, पण बघायला खर्च काय आहे.

हेड उतरलं की तुम्ही तिथं हजर राहा, दोन तास धंदा बुडाला तरी चालेल. चार पिस्टनची डोकी बघा, तीन काळी कुळकुळीत असतील आणि एक घासल्यासारखं लख्ख, पाणी तिथंच जात होतं. मग हेडवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालायला लावा. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर तापून वाकलेलं असू शकतं, लिमिट मॅन्युअलमध्ये असते, बहुतेक एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून कमी. नुसतं डोळ्याने "सपाट आहे हो" म्हणाला तर ऐकू नका. लेव्हलला पाठवायच्या आधी हेडला प्रेशर टेस्ट करून घ्या, भोकं बंद करून हवा भरतात आणि गरम पाण्यात बुडवतात, चीर असेल तर दिसते. चिरलेलं हेड लेव्हल करणं म्हणजे फुटक्या हंड्याला कल्हई. नवीन पॅकिंग आणताना जुनं सोबत न्या, डिझेल इंजिनाची पॅकिंगं वेगवेगळ्या जाडीची येतात आणि कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून जाडी कळते, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्याप्रमाणे ती निवडलेली असते. दुकानदार "सगळी सारखीच" म्हणेल. नाहीयेत. बोल्ट मॅन्युअलमध्ये ताणाचे (आवळताना ताणले जाणारे) म्हणून दिले असतील तर नवीनच, आणि आवळताना मधून सुरुवात करून बाहेरच्या अंगाला, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने.

तोवर एक काळजी घ्या, सकाळी सेल मारला आणि इंजिन ठक करून अडकलं तर परत मारू नका आणि धक्का तर अजिबात नको. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असू शकतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग 40 हजारात भागत नाही.

प्रश्न: ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर पांढरी मलई जमतेय. पॅकिंग गेलं का? गाडी पाचगणीत असते, शेतातून मार्केटपर्यंत स्ट्रॉबेरी नेतो, दिवसाला चार-पाच किलोमीटर. — एक वाचक, पाचगणी

उत्तर: बहुतेक नाही. ऑइलची पट्टी बघा, तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल तर ती नुसती ओल आहे. थंडीत इंजिन चार किलोमीटरमध्ये नीट गरम होत नाही, आत बाष्प धरतं, ते झाकणाला जमून ऑइलमध्ये फेटलं जातं. आठवड्यातून एकदा वाईला खाली जाऊन या, घाट चढून येताना इंजिन चांगलं तापतं, जाईल ती मलई. पट्टीवरचं ऑइलच दुधाच्या चहासारखं झालं असेल तर मात्र गाडी तिथंच उभी करा, बेअरिंगं जातात. आणि तेव्हासुद्धा आधी ऑइल कूलर तपासायला लावा मग हेड, कारण काही गाड्यांत कूलर आतून फुटतो आणि बिल हेडच्या नावावर फाटतं.

प्रश्न: आमच्याकडे बोअरचंच पाणी. रेडिएटरमध्ये तेच टाकतो. कूलंट महाग पडतो, आणि आपल्याकडे बर्फ थोडाच पडतो? शिवाय दुकानात हिरवा, लाल, निळा असे तीन रंग आहेत, कुठला घेऊ? — एक वाचक, सांगोला

उत्तर: तुमच्या घरी गिझर असेल तर त्याची कॉइल काढून बघा, तिच्यावर जो पांढरा दगड बसलाय तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या पोटात बसतो. दगड उष्णता जाऊ देत नाही. मग गाडी सपाटीला स्लो चालली की ठीक, पण हायवेला लोड घेऊन ऐंशीने पळवली की तापते. ही खूण लक्षात ठेवा, वेगात तापते तर रेडिएटर आतून नाहीतर बाहेरून भरलाय, आणि ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते तर फॅनकडे बघा, त्याचा क्लच, बेल्ट, आणि फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर जागेवर आहे का. कोणीतरी काम करताना ते काढतो आणि परत लावत नाही.

बर्फाचं म्हणाल तर बरोबर आहे, सांगोल्यात पाणी गोठत नाही. पण कूलंट गंज धरू देत नाही आणि उकळायचं टेंपरेचर वर नेतो, आपल्याला तो त्यासाठी हवा. निम्मं कूलंट निम्मं पाणी, आणि पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत टॉपअपला टाकतात ते. दुकानात नीट सांगा, नाहीतर ॲसिडचा कॅन हातात देतील. रेडीमिक्स असेल तर त्यात परत पाणी घालायचं नाही, हे डब्यावर लिहिलेलं असतं. रंगावर जाऊ नका, रंग ज्याने त्याने आपापल्या मनाने घातलाय, दोन कंपन्यांचा हिरवा एकच असेल असं नाही. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिलाय तो घ्या, आणि आधीचा कुठला आहे माहीत नसेल तर सगळं पाणी काढून, दोन-तीनदा धुऊन मगच नवीन भरा. वेगळे प्रकार मिसळले की काही वेळा आत जेलीसारखं घट्ट होतं. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, चवीला गोड असतं, कुत्रं चाटतं आणि मरतं.

प्रश्न: काका, गाडी माझे मिस्टर चालवतात, माल घेऊन वरंध घाटातून जावं लागतं. रेडिएटर गळायला लागला की ते त्यात मूठभर हळद टाकतात, घरातली, आणि म्हणतात थांबतं. आणि गाडी तापली की ओलं पोतं टाकून झाकण उघडतात. मला दोन्हीची भीती वाटते. खरं काय? — एक वाचक ताई, भोर

उत्तर: ताई, हळदीचं खरं आहे, थांबतं. हळद पाण्यात फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते, मी स्वतः दोनदा टाकलीय, रात्री घाटात, मागे भाजीचा माल असताना. पण ती बारीक भोक आणि बारीक नळी यात फरक करत नाही. नंतर रेडिएटरवाल्याने टाकी उघडली तेव्हा आत पिठलं निघालं, अगदी रंगासकट. म्हणून एकदा टाकली तर त्याच आठवड्यात रेडिएटर उतरवून साफ करून झाळून घ्यायचा. दर खेपेला टाकत असतील तर घरातली हळद लपवून ठेवा.

पोत्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत पांढरे डाग आहेत ते अशाच एका ओल्या पोत्याचे. आतलं पाणी 100 च्या वर असतं पण दाबामुळे उकळत नाही, झाकण ढिलं केलं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं, पोतं त्याला काय अडवणार. निदान अर्धा तास थांबायचं, वरचा होज हाताने दाबून बघायचा, मऊ लागला आणि हाताला सोसला तरच झाकण.

त्यांना एवढं सांगा. काटा वर जायला लागला आणि आत पाणी आहे याची खात्री असेल तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करू नका, न्यूट्रलला किंचित रेस देऊन चालू ठेवा, फॅन आणि पाणी फिरत राहतं. पण काटा वर जाऊन अचानक खाली आला तर खूश होऊ नका, पाणी संपलंय, सेन्सर कोरडा पडला की काटा पडतो, तेव्हा त्याच क्षणी बंद. आणि थंड झाल्यावरही झऱ्याचं गार पाणी एकदम ओतू नका, हेड चिरतं, कोमट करून थोडं थोडं. केबिनमध्ये पाच लिटरचा कॅन, एक जादा झाकण आणि दोन होज क्लिप ठेवायला लावा. झाकण घेताना जुन्यावरचा आकडा बघूनच घ्या.